परदेशांतील एक सहामाही आणि घरची तयारी

मुलगा अगर मुलगी परदेशीं शिकावयास निघाली म्हणजे घरांत दोन प्रकारचे प्रश्न उत्पन्न होतात. पासपोर्ट किती दिवसांत मिळेल, व्हिसास कोणकोणते कागद लागतात, तिकीट केव्हां काढावें, हे पहिल्या प्रकारचे. यांचीं उत्तरें कचेऱ्यांतून मिळतात व चिकाटी असली म्हणजे हीं कामें होऊन जातात. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न एकच असतो, आणि तो बहुधा घरांतील सर्वांत वडील बाई विचारते : "पण पोर तेथें राहणार कोठें?" सन २०२४ च्या मे महिन्यांत आमच्या चंद्रपूरच्या घरीं आमच्या मातोश्रींनीं हा प्रश्न विचारला, तेव्हां पानावर बसलेल्या अकरा मंडळींपैकीं एकासहि त्याचें उत्तर देतां आलें नाहीं.

त्यापुढील अकरा महिन्यांत आम्हांस जें शिकावें लागलें, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा प्रसंग येऊन गेला असेल, कित्येकांच्या घरीं येऊं घातला असेल. पूर्वीं परदेशीं शिकावयास जावयाचें म्हणजे पदवीसाठीं दोन-चार वर्षें जावयाचें अशी रीत होती. आतां विद्यापीठें आपसांत करार करून एकमेकांचे विद्यार्थी एका सहामाहीपुरते देतात व घेतात. शिक्षणाची फी बहुधा आपल्याच विद्यापीठांत भरावयाची, आणि राहण्याजेवण्याचा खर्च मात्र ज्याचा त्यानें करावयाचा. युरोपांत १९८७ सालीं सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेनें ही चाल विशेष रूढ केली. मुदत थोडी म्हणून तयारीहि थोडीच लागेल असा घरच्यांचा समज होतो. आमचाहि तोच होता. वस्तुतः दोन वर्षांच्या मुक्कामास जितके कागद लागतात, जवळजवळ तितकेच सहा महिन्यांसहि लागतात.

पूर्वींचीं उदाहरणें

मातोश्रींचा प्रश्न कांहीं नवा नाहीं. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून आगबोटींत बसल्या, तेव्हां त्यांचे यजमान गोपाळराव मागें राहिले होते. पासपोर्ट व व्हिसा हीं प्रकरणें त्या काळीं त्यांच्या वाटेंत नव्हतीं; हिंदुस्थानांत पासपोर्टाचा कायदा झाला तो १९२० सालीं. परंतु समुद्रपर्यटन हेंच पातक मानलें जात होतें, आणि अमेरिकेंत आपलें म्हणावें असें माणूस एकच, न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाई. त्यांचीहि ओळख केवळ पत्रांची. आनंदीबाई जूनमध्यें न्यूयॉर्कला उतरल्या, आणि कॉलेज सुरू होईपर्यंत या कार्पेंटरबाईंच्या घरीं मुलीसारख्या राहिल्या. १८८६ च्या मार्चमध्यें फिलाडेल्फियास त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली, तिच्यामागें त्या घराचा आधार केवढा होता हें त्यांचें चरित्र वाचणाऱ्यास सांगावयास नको.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथील लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहांत नवल भथेना या पारशी गृहस्थांशीं त्यांचा स्नेह जडला व तो जन्मभर टिकला. पुढें लंडनमध्यें शिकत असतां ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरीं राहत. महाराष्ट्र सरकारनें तें घर २०१५ सालीं विकत घेतलें व आज तेथें त्यांचें स्मारक आहे. इरावतीबाई कर्वे १९२८ सालीं बर्लिनला गेल्या. खुद्द महर्षि कर्व्यांस सुनेचें हें जाणें पसंत नव्हतें. परंतु पति दिनकरराव पाठीशीं होते, आणि १९३० सालीं मानववंशशास्त्रांतील डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या. स्त्रीशिक्षणासाठीं आयुष्य वेंचलेल्या घरांतहि हा प्रश्न सोपा नव्हता, हें आपण लक्षांत ठेवावें.

आमच्या भागांतील उदाहरणेंहि आहेत. डॉ. राणी बंग या मूळच्या चंद्रपूरच्या. त्या व त्यांचे यजमान डॉ. अभय बंग यांनीं अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेतलें, १९८४ सालीं ते परत आले, आणि गडचिरोली हेंच आपलें कार्यक्षेत्र ठरविलें. तो जिल्हा तेव्हां अवघ्या दोन वर्षांचा होता, कारण २६ ऑगस्ट १९८२ रोजीं तो चंद्रपुरांतून वेगळा काढण्यांत आला. तेथील स्त्रियांच्या आरोग्याविषयींचा राणीबाईंचा निबंध १९८९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत छापून आला. त्याच जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यांतील चिरचाडी गांवचे भास्कर हलामी आश्रमशाळेंत शिकून पुढें आले, आणि अमेरिकेंतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठांतून डॉक्टरेट घेऊन शास्त्रज्ञ झाले. अरण्यांतून अमेरिकेस वाट आहे. ती प्रत्येकास सारखीच रुंद नाहीं, एवढेंच. हें आमच्या ध्यानांत कसें आलें तें पुढें सांगूं.

नांव आणि कागद

आमची पुतणी नागपूरच्या एका महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकत होती. जर्मनींतील ब्लॅक फॉरेस्ट नांवाच्या डोंगराळ अरण्याजवळच्या एका विद्यापीठांत ऑक्टोबरपासूनच्या सहामाहीसाठीं तिची निवड झाली. तिच्याबरोबर तिच्याच वर्गांतील आणखी एका विद्यार्थ्याची निवड झाली होती. तो भामरागड तालुक्यांतील माडिया मुलगा, घरांतील पहिलाच पदवीधर. जूनच्या पहिल्या आठवड्यांत दोघेंहि कागदांच्या पिशव्या घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसलीं. आमचे थोरले बंधु जिल्हा कचेरींतून निवृत्त झालेले. कागद वाचण्याची त्यांना हौस, आणि त्यांतील चुका काढण्याची त्याहून अधिक.

पहिली चूक पुतणीच्याच कागदांत निघाली. आपल्याकडे शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर आडनांव आधीं, मग स्वतःचें नांव, मग वडिलांचें अशी पद्धति आहे. पासपोर्टाच्या अर्जांत आडनांवाचा रकाना निराळा व नांवाचा निराळा. तिचें आडनांव दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजींत एका 'ए'नें लिहिलें होतें व आधार कार्डावर दोन 'ए'नीं. घरांत या गोष्टीकडे कोणाचें कधीं लक्ष गेलें नव्हतें. परंतु परक्या देशाच्या अधिकाऱ्यापुढें हीं दोन माणसें ठरतात. दुरुस्तीस सोळा दिवस लागले. वडिलांच्या एका जुन्या दाखल्यावर जन्मस्थान 'चांदा' असें होतें. चांद्याचें चंद्रपूर हें नामांतर १९६४ च्या सुमारास झालें, हें आपणांस ठाऊक. इतरांस तें एका ओळींत लिहून द्यावें लागतें.

तेव्हां पहिली सूचना अशी कीं, मुलें दहावीस असतांनाच गुणपत्रिका, आधार, जन्माचा दाखला व बँकेचें पुस्तक हीं शेजारीं शेजारीं ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावीं. ज्यांच्या घरीं अगदीं लहान मुलें आहेत त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १ ऑक्टोबर २०२३ रोजीं अगर त्यानंतर जन्मलेल्यांच्या पासपोर्टास जन्मतारखेचा पुरावा म्हणून नगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांच्याकडील जन्मदाखलाच लागतो. त्यापूर्वीं जन्मलेल्यांचें शाळेच्या दाखल्यावरहि भागतें.

पासपोर्टासाठीं दोघांस नागपूरला जावें लागलें. छत्तीस पानी पासपोर्टास त्या वेळीं १५०० रुपये फी होती. तेथील काम अर्ध्या दिवसांत झालें. मागाहून पोलिसांची चौकशी होते. पुतणीची चंद्रपुरांत तीन दिवसांत होऊन गेली. मुलानें मात्र वसतिगृहाची खोली बदलावयाची आहे म्हणून अर्जांत गांवचाच पत्ता घातला होता, आणि आमच्यापैकीं कोणासहि त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. तो जुलै महिना होता.

पैशाची बाजू

व्हिसाचे दोन मुख्य प्रकार आहेत, व त्यांत घोटाळा करूं नये. युरोपांतील २९ देशांनीं मिळून शेंगेन नांवाची व्यवस्था केली आहे. तिच्या अल्प मुदतीच्या व्हिसावर कोणत्याहि १८० दिवसांत ९० दिवसच राहतां येतें. ११ जून २०२४ पासून या व्हिसाची फी ९० युरो झाली, आणि निदान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्यविमा दाखवावा लागतो. सहामाहीचा मुक्काम ९० दिवसांहून अधिक असतो, म्हणून त्या त्या देशाचा स्वतंत्र दीर्घ व्हिसा घ्यावा लागतो. जर्मनीच्या अशा व्हिसाची फी ७५ युरो. अमेरिकेस अदलाबदलीवर जाणाऱ्या विद्यार्थ्यास जे-१ हा व्हिसा लागतो. त्यासाठीं तेथील विद्यापीठानें डीएस-२०१९ हा कागद पाठवावा लागतो व २२० डॉलरची निराळी नोंदणी फी आधीं भरावी लागते. इंग्लंडांत सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्या भारतीयास क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला जोडावा लागतो. हे आंकडे बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याच्या आठवड्यांत त्या देशाच्या वकिलातीचें अधिकृत पत्रक स्वतः वाचावें. गेल्या वर्षीं जाऊन आलेल्याच्या सांगण्यावर विसंबूं नये.

याचा अनुभव आम्हांस आलाच. विद्यार्थ्याजवळ राहण्याजेवण्यास पुरेसा पैसा आहे हें जर्मन सरकारास दाखवावें लागतें. त्यासाठीं एका अडवून ठेवलेल्या खात्यांत मुक्कामाची सर्व रक्कम आगाऊ भरावयाची. मग तेथें गेल्यावर दरमहा ठराविक रक्कमच काढतां येते. त्या उन्हाळ्यांत महिन्यास ९३४ युरो हा दर होता. सहा महिन्यांचे ५,६०४ युरो झाले, म्हणजे पांच लाखांवर रुपये. एवढी रक्कम घरांत होती, पण ती निराळ्या कामासाठीं राखली होती. आमच्या घराचा मागील सोपा तीन पावसाळे गळत आहे. त्याचीं कौलें व वासे बदलण्यासाठीं दोन्हीं भावांनीं मिळून ती ठेव केली होती.

एका रात्रीं जेवणें झाल्यावर हा विषय निघाला. धाकटे बंधु स्पष्टपणें म्हणाले, "दादा, सहा महिन्यांनीं पोर परत येईल, पण वासे कुजले तर परत येणार नाहींत." हें म्हणणें खोटें नव्हतें, म्हणून कोणी रागावलें नाहीं. पुतणी उठून आंत गेली. मातोश्री बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं विचारलें कीं, त्या खात्यांतील पैसा तेथें गेल्यावर तिचा तिलाच मिळतो ना? मिळतो असें सांगतांच त्या म्हणाल्या, "मग तो खर्चच आहे, दंड नव्हे. सोप्यांत पातेलीं ठेवूं." पातेलीं ठेवण्याचें काम त्या पावसाळ्यांत धाकट्या बंधूंनींच केलें, व एकदाहि कुरकुर केली नाहीं, हें येथें नमूद करणें आम्हांस अवश्य वाटतें.

पैसे ऑगस्टमध्यें भरले. मुंबईच्या अर्जकेंद्रावरील मुलाखतीची तारीख मात्र सप्टेंबरमधील मिळाली, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून तो मासिक दर ९३४ चा ९९२ युरो झाला. महिन्यास ५८ युरोंचा फरक. सहा महिन्यांचे ३४८ युरो, म्हणजे सुमारें ३२ हजार रुपये आणखी. हा बदल आम्हांस मुलाखतीच्या पांच दिवस आधीं कळला, तोहि थोरल्या बंधूंना पत्रकें पुन्हां पुन्हां वाचण्याची खोड आहे म्हणून. नाहींतर अर्ज अपुरा ठरून सहामाहीच हातची गेली असती. हिशेब करतांना शेंकडा दहा तरी रक्कम वरचढ धरावी, असें आम्ही सर्वांस सांगतों.

किल्ली कोण देणार?

आतां राहण्याचा प्रश्न. जर्मनींत विद्यार्थ्यांसाठीं सहकारी तत्त्वासारखीं चालणारीं स्वस्त वसतिगृहें असतात, पण तेथें मागणी फार. पुतणीनें अर्ज केला तेव्हां प्रतीक्षायादी लांबच लांब होती. मग तिनें इंटरनेटवर खासगी खोल्या पाहावयास आरंभ केला. एके दिवशीं ती हर्षानें मोबाईल घेऊन स्वयंपाकघरांत आली. खोली प्रशस्त, खिडकीखालीं बाग, भाडें इतरांच्या निम्मे. मालक कामानिमित्त परगांवीं आहे, दोन महिन्यांचें भाडें अनामत म्हणून पाठविलें कीं तो टपालानें किल्ली धाडील, असें त्याचें पत्रहि आलें होतें. रक्कम रुपयांत मोजली तर पाऊण लाखाजवळ जात होती. इंग्रजी सफाईदार, सोबत ओळखपत्राची प्रत. आम्हीहि भुललों. बँकेंत जावयाचें ठरलें.

आमच्या वहिनी गेलीं वीस वर्षें घराच्या मागील दोन खोल्या भाड्यानें देतात. पोळी लाटतां लाटतां त्यांनीं एवढेंच विचारलें, "ही खोली आंतून कोणीं पाहिली? आणि किल्ली कोण देणार?" पुतणीनें पुन्हां सर्व वाचून दाखविलें. वहिनी म्हणाल्या, "अगं, मी माझी खोली न पाहतां कोणाला दिली आहे का? चार प्रश्न विचारल्याशिवाय भाडेकरूला दारांत उभें करीत नाहीं. या मालकानें तुला एकहि प्रश्न विचारला नाहीं. ज्याला भाडेकरू कोण याची पर्वा नाहीं, त्याला खोली द्यावयाची नसते." आम्हीं विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीस ती जाहिरात पाठविली. दुसऱ्याच दिवशीं उत्तर आलें कीं, हा लबाडीचा जुना प्रकार असून खोली न पाहतां, करारावर सही न होतां कोणासहि पैसे पाठवूं नयेत.

त्याच कचेरीनें मग एक पत्ता दिला. सत्तरीच्या एक एकट्या राहणाऱ्या बाई आपल्या घरांतील वरची खोली विद्यार्थ्यांस देत असत. त्यांनीं पुतणीशीं मोबाईलवर समोरासमोर अर्धा तास बोलून घेतलें. स्वयंपाकास काय काय करतेस, फोडणीचा वास किती येतो, रात्रीं किती वाजतां निजतेस, खिडकी उघडून खोलींत हवा घेण्याची संवय आहे का, असे प्रश्न. वहिनी बाजूस बसून ऐकत होत्या. शेवटीं त्या आम्हांस म्हणाल्या, "ही खरी घरमालकीण आहे."

भाड्याविषयीं तेथील रीत ठाऊक असावी. एक नुसतें जागेचें भाडें असतें आणि दुसरें उष्णता, पाणी वगैरे धरून. जाहिरातींत कोणतें सांगितलें आहे हें विचारून घ्यावें, कारण थंडीच्या दिवसांत हा फरक मोठा पडतो. अनामत रक्कम नुसत्या भाड्याच्या तिपटीहून अधिक घेतां येत नाहीं, असा तेथील कायदा आहे. राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरकचेरींत आपला पत्ता नोंदवावा लागतो व त्यासाठीं घरमालकाचें लेखी पत्र लागतें. जो घरमालक असें पत्र देण्यास तयार नसेल त्याची खोली घेऊं नये. शिवाय प्रत्येक बिऱ्हाडास आकाशवाणी-दूरदर्शनसाठीं दरमहा १८.३६ युरो पट्टी द्यावी लागे. एका बिऱ्हाडांत अनेक विद्यार्थी असले तरी ती एकदांच. ती भाड्यांत धरली आहे कीं नाहीं हेंहि आधींच ठरवावें.

सामान आणि प्रवास

व्हिसा हातीं येईपर्यंत परत न होणारें तिकीट काढूं नये. आमच्या पुतणीचा व्हिसा निघण्याच्या चार दिवस आधीं आला. आम्हीं थोडे पैसे जास्त देऊन तारीख बदलतां येईल असें तिकीट काढलें होतें, म्हणून त्या दिवसांत निदान झोंप तरी लागली. मूळ कागद, त्यांच्या दोन प्रती, विद्यापीठाचें पत्र, घरमालकिणीचें पत्र व विम्याचा कागद हीं हातांतील पिशवींत असावीं. मोठ्या पेटींत ठेवूं नयेत. पोंचल्याबरोबर लागतील इतके युरो नोटांच्या रूपानें जवळ असावे.

खाद्यपदार्थांविषयीं घरांत बरेंच रणकंदन झालें. मातोश्रींनीं दोन शेर साजूक तूप कढवून ठेवलें होतें, आणि पेढेहि. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या उतारूस दुधाचे व मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. तूप त्यांतच येतें. ताजीं फळें व भाज्या यांसहि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. अननस, केळीं, खजूर, नारळ व ड्युरियन हीं पांच फळें तेवढीं त्यांतून वगळलीं आहेत. नारळ चालतो हें ऐकल्यावर मातोश्रींची थोडी समजूत पटली. तुपाऐवजीं मग मेतकूट, गोडा मसाला, डाळीचें पीठ व भाजणी गेली. तूप घरींच राहिलें. वासे बदलण्यास सुतार येतील तेव्हां त्यांना लाडू करून घालूं, असें म्हणून त्यांनीं तें फडताळांत ठेवलें.

हुकलेली सहामाही

भामरागड हें इंद्रावतीच्या खोऱ्यांतील गांव. गडचिरोलीहून तेथें जाणारा रस्ता दीडशें किलोमीटरांहून लांब, आणि जवळजवळ सारा अरण्यांतून. त्या जिल्ह्याचा सुमारें तीनचतुर्थांश भाग जंगलाखालीं आहे. पावसाळ्यांत पर्लकोटा नदी फुगली म्हणजे भामरागडचा संबंध तुटतो, आणि पलीकडच्या पाड्यांचा तर दिवसेंदिवस. त्या जुलैंतहि तसेंच झालें. चौकशीचा कागद एका तीरावर राहिला व मुलाचें गांव दुसऱ्या. पाणी उतरलें, मग चौकशी झाली, मग तो कागद नागपूरला पोंचला. पासपोर्ट हातीं आला तेव्हां ऑगस्ट संपत होता, आणि मुंबईच्या मुलाखतींच्या तारखा नोव्हेंबरपर्यंत भरल्या होत्या. त्याची सहामाही हुकली.

या गोष्टीनें आम्हांस फार वाईट वाटलें, व थोडी लाजहि वाटली. तो रोज आमच्या ओसरीवर बसून पुतणीचे कागद लावण्यास मदत करीत होता, आणि त्याच्या अर्जांतील पत्त्याकडे आम्हीं कोणींहि दुसऱ्यांदा पाहिलें नव्हतें. ज्या पत्त्यावर आपण खरोखर राहतों तोच वर्तमान पत्ता म्हणून द्यावा, आणि वसतिगृहाचा दाखला आधीं घ्यावा, एवढें त्याला सांगावयास हवें होतें. आमच्या घरीं एक कागद वाचणारा होता, एक पैसे मोजणारा, एक खोलीची पारख करणारी, आणि गळक्या सोप्याखालीं पातेलीं ठेवणाराहि होता. त्याच्या घरीं हीं सर्व कामें तो एकटाच करीत होता. परदेशीं शिकण्यासाठीं सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेत, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठींहि आहे. परंतु त्या पूर्ण पदवीच्या अभ्यासक्रमासाठीं असतात. एका सहामाहीस जाणाऱ्यास दुसरी वाट शोधावी लागते.

त्यानें ती शोधली. जर्मन विद्यापीठानें त्याची जागा एप्रिलपासूनच्या सहामाहीकडे वळविली, आणि कांहीं रक्कम शिष्यवृत्ति म्हणून मंजूर केली. उरलेल्यासाठीं त्यानें बँकेचें शैक्षणिक कर्ज काढलें. आम्हीं पैसे देऊं केले असतां तो म्हणाला, "काका, पैसे नकोत. दादासाहेबांनीं माझे कागद एकदां वाचून द्यावे." थोरल्या बंधूंनीं ते तीनदां वाचले.

फेब्रुवारींत तो वडिलांना घेऊन आमच्या घरीं आला. त्यांना मराठी थोडें येतें. माडियांत त्यांनीं मुलाला कांहीं विचारलें, व मुलगा हंसूं लागला. काय म्हणतात, म्हणून आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "बाबा विचारतात, तिकडे राहणार कोठें?"

मातोश्री झोपाळ्यावर बसल्या होत्या. त्यांनीं आमच्याकडे न पाहतां परस्पर उत्तर दिलें, "आमची पोर राहते तिथेंच. ती मार्चअखेर खोली सोडणार, हा एप्रिलच्या एक तारखेला जाणार. बाई चांगल्या आहेत. आमच्या सूनबाईनें पाहिलें आहे." मुलानें हें वडिलांना सांगितलें. त्यांनीं मातोश्रींस हात जोडले व म्हणाले, "हो जी."

पुतणीनें निघण्यापूर्वीं त्या बाईंच्या स्वयंपाकघरांत एक वही ठेवली. तींत नगरकचेरी कोठें, स्वस्त तांदूळ कोणत्या दुकानांत, उष्णतेचें यंत्र रात्रीं किती ठेवावें, कोणता कागद कोणास द्यावा, असें सर्व मराठींत लिहिलेलें आहे. बाईंनीं तिच्याकडून घेतलेली किल्ली दुसऱ्या दिवशीं त्या मुलाच्या हातीं दिली. सोपा या वर्षींहि गळेल. पुढल्या उन्हाळ्यांत त्याचें काम निघेल असा बेत आहे.

आमच्या वाचकांस एक विनंति आहे. आपल्या घरांतील कोणी असें जाऊन आलें असेल, तर त्याच्याकडून अशी वही लिहवून घ्यावी, आणि आपल्या गांवांतील महाविद्यालयांत ती ठेवावी. घरांत कागद वाचणारें वडील माणूस असेल, तर त्यांनीं महिन्यांतून एक रविवार दुसऱ्यांच्या मुलांचे कागद वाचण्यास द्यावा. आमच्या थोरल्या बंधूंनीं तो आरंभ केला आहे. गेल्या रविवारीं ओसरीवर चार मुलें होतीं. त्यांपैकीं दोघांच्या अर्जांत पत्ता चुकला होता.